ताई, मी सिंगल्स सोडलं

मोनास्तिर, ट्युनिशिया

प्रिय ताई,

फोनवर हे नीट बोलताच येत नाही, बाबा मागून विचारतात रँकिंग किती, मी नंबर सांगतो आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहायला बसलो. या महिन्यापासून मी टेनिसमध्ये सिंगल्सच्या एन्ट्र्या टाकणं बंद केलंय. आता फक्त डबल्स. दुखापत वगैरे काही नाही, खांदा ठीक आहे, आईला आधी तेच सांग.

इथे एकाच हॉटेलच्या कोर्टांवर आठवड्यामागून आठवडा स्पर्धा चालू असतात, एम15, म्हणजे अख्ख्या स्पर्धेची मिळून बक्षिसं 15,000 डॉलर आणि त्यातला मोठा वाटा सिंगल्सचा. डबल्स जिंकलो तरी जे येतं ते दोघांत वाटायचं, त्यातून खोलीचं भाडं आणि रॅकेटच्या स्ट्रिंगिंगचा खर्च निघाला की आठवडा बरा गेला. जिंकलो तर रँकिंगचे 15 पॉईंट, पहिल्या राऊंडला हरलो तर शून्य. आणि पॉईंट टिकतात 52 आठवडेच. गेल्या वर्षी आम्ही इथे जिंकलो होतो ना, ते 15 या सोमवारी गेले आणि मी 390 वरून एकदम 420 च्या पलीकडे. बाबांना वाटलं मी वाईट खेळलो. अगं त्या आठवड्यात मी एकही मॅच खेळलेलो नव्हतो!

पण खरा त्रास पैशाचा नाही, पार्टनरचा आहे. एन्ट्री लागते ती दोघांच्या रँकिंगच्या बेरजेवर, बेरीज जितकी कमी तितकी जोडी वर, त्यामुळे प्रत्येकजण आपल्यापेक्षा चांगल्या नंबरचा माणूस शोधत असतो, दर रविवारी फोनवर तेच मेसेज, कोण मोकळा आहे, कोण येतोय, आणि साइन-इन, म्हणजे जोडीची नावनोंदणी, बंद व्हायला दहा मिनिटं असताना कुणीतरी सांगतो की मला दुसरा मिळाला. गेल्या तीन वर्षांत मी चाळीसेक जणांबरोबर खेळलोय. त्यातल्या कितीतरी जणांची सर्व्हिस कुठे पडते हे कळेपर्यंत आम्ही हरलेलो असायचो.

मार्चमधलं तुला सांगितलं नव्हतं. आम्ही सेमीला पोचलो होतो आणि पार्टनर त्याच दिवशी सिंगल्सचीही सेमी खेळणार होता. सकाळी बॅग खांद्याला लावून आला, म्हणाला पाय भरून आलेत, डबल्स सोडतो. समोरच्यांना वॉकओव्हर मिळाला. मी हातात टेप घेऊन तसाच बाकावर बसून राहिलो. फार राग आला गं, पण रात्री आठवलं की दोन वर्षांपूर्वी मीही एकाला अगदी हेच केलेलं, तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं कारण डबल्स म्हणजे सिंगल्सच्या जोडीला खेळायचं काहीतरी असंच डोक्यात होतं. त्या रात्री ठरवलं.

आताचा पार्टनर एकतीस वर्षांचा आहे, त्याने सिंगल्स कधीच सोडलंय. त्याने आपणहून विचारलं की पूर्ण सीझन एकत्र खेळायचं का. ताई, मला आजवर कुणी पूर्ण सीझनसाठी विचारलं नव्हतं.

काल काय झालं ते सांगतो. एक एक सेट झाला, मग आमच्या या स्पर्धांत डबल्सला तिसरा सेट नसतो, त्याऐवजी दहा पॉईंटचा सुपर टायब्रेक असतो. 9-8 आमच्याकडे, सर्व्हिस त्याची, मी नेटजवळ. मी पाठीमागे हात नेऊन त्याला पंजा उघडा दाखवला. मूठ म्हणजे मी जागेवर, पंजा म्हणजे मी दुसरीकडे धावणार. त्याने सर्व्हिस बरोबर मधल्या रेषेवर टाकली, समोरच्याची रॅकेट मागे गेली तसा मी सुटलो आणि बॉल टप्पा पडायच्या आतच, व्हॉली, त्यांच्या नेटवरच्या माणसाच्या पायात मारली. संपलं. वळून बघितलं तर हा माझ्या सोडलेल्या जागेवर वाकून तयार उभा, बॉल परत आलाच असता तर तो घ्यायला. सिंगल्समध्ये इतकी वर्षं खेळलो पण असं कधी वाटलं नाही बघ, की मी जागा सोडली तरी ती रिकामी राहणार नाही. मी व्हॉलीचा माणूस आहे, रिटर्नचा आहे, बेसलाइनवरून तीन तास मारामारी करणारा नाही. हे मान्य करायला मला सत्ताविसावं वर्ष लागलं.

बाबा वयाचं काढतील. त्यांना बोपण्णाची आठवण दे, 2024 च्या जानेवारीत तो 43 व्या वर्षी पहिल्यांदा डबल्सचा एक नंबर झाला. आणि त्याच वर्षी विम्बल्डन जिंकणारा फिनलंडचा हेलिओव्हारा मधली काही वर्षं टेनिस सोडून बसला होता, विमानतळावर नोकरी केली, मग परत आला. तो आणि हेन्री पॅटन फायनलमध्ये तीन मॅच पॉईंट वाचवून जिंकले, शेवटचा टायब्रेक 11-9. मी तिथे पोचेन असं म्हणत नाहीये, बाबांना तसं सांगूही नकोस. पण डबल्सवाल्याचं सत्ताविसाव्या वर्षी संपलेलं नसतं, एवढं त्यांना पटलं पाहिजे.

आमचं ठरलंय असं, नोव्हेंबरपर्यंत दोघांची बेरीज सहाशेच्या आत आणायची, म्हणजे याच्या वरच्या पायरीच्या चॅलेंजर स्पर्धांमध्ये एन्ट्री लागायची आशा धरता येईल. तोवर घरून पैसे नकोत. उन्हाळ्यात जर्मनीत एका क्लबकडून लीगच्या मॅचेस खेळणार आहे, तिथे दर मॅचचे ठरलेले पैसे मिळतात, त्यावर निघेल.

बाबांशी तूच आधी बोल, ते जेवून निवांत बसले की. लगेच फोन करायला लावू नकोस, दोन दिवस जाऊ देत. उद्या सकाळी पहिलीच मॅच आहे आमची, एक रॅकेट स्ट्रिंगिंगला दिलीय ती आणायला निघतो.

तुझा
धाकटा