दहा हजार पावलांचा धाक कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझं वय ७१. मुलाने मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि रोज दहा हजारांचा धाक सुरू झाला. तीन आठवड्यांत गुडघा सुजला, चालणंच बंद पडलं. मग कळलं, की हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेलाच नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राचं ते नाव होतं, ‘दहा हजार पावलांचा मापक’!

२०१९ साली अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या महिलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं; ७,५०० च्या पुढे फारसा फरक दिसला नाही. (धडधाकट बायकाच जास्त चालत असतील, ही आमच्या सौ.ची शंका. रास्त आहे.)

आता मी दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालतो, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून ही वेळ. आठवड्याची २१० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना किमान १५० सांगते. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायामही करा, असंही तीच सांगते, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. मी खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभा राहतो. नात आकडे मोजते, आणि मुद्दाम सावकाश मोजते.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक