स्लो कुकरसोबत स्ट्यूही दिलात, त्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे लिहून काढते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं. तुम्ही जे शिकवलंत ते माझ्या एकटीच्या स्वयंपाकघरात राहावं असं मला वाटत नाही.

आईच्या दाढा काढल्या तेव्हापासून तिच्या ताटातून मांस जवळजवळ गेलंच होतं. खिम्याला ती विटली होती. तिला मांसाचे तुकडे हवे होते, पण जिभेने दाबले तरी सुटतील असे. मी सकाळी लवकर घर सोडणार आणि संध्याकाळी परतणार; गॅसपाशी तीन-तीन तास थांबणं मला जमण्यासारखं नव्हतं. जिन्यात बोलता बोलता हे तुमच्या कानावर घातलं, आणि त्याच संध्याकाळी तुम्ही तुमचा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घेऊन दारात हजर. "हा ठेव, वापर. पण आधी पाच मिनिटं बस." ती पाच मिनिटं चांगली दोन तास चालली, आणि हे पत्र त्या दोन तासांसाठी आहे.

जहाजाच्या भटारखान्यात उमेदीची वर्षं काढलेला माणूस, म्हणजे आता भराभर साहित्य आणि प्रमाण सांगणार, अशा तयारीने मी वही घेऊन बसले होते. तुम्ही सुरुवात केलीत ती गुराच्या अंगापासून. कुठल्या भागाला आयुष्यभर सर्वांत जास्त काम पडतं? खांद्याला, मानेला, पायाच्या नळीला. तिथल्या स्नायूंना धरून ठेवणारे चिवट पांढरे पडदे आणि दोऱ्या जास्त असतात, म्हणून ते मांस स्वस्त आणि वातड. स्ट्यूसाठी, म्हणजे सावकाश शिजवलेल्या मांस-भाज्यांच्या दाट रश्श्यासाठी, नेमकं तेच हवं. त्या पडद्यांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं, आणि पाण्याच्या सोबतीने ७० अंश सेल्सिअसच्या वर तासन्‌तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. तेच तुकड्यांना मऊपणा देतं आणि रश्श्याला अंग देतं, ओठांना किंचित चिकटणारं. मागच्या मांडीचं चरबी नसलेलं, दिसायला देखणं मांस इतका वेळ शिजवलं तर कोरडं पडतं, त्याचे नुसते धागे सुटतात, कारण आतून ओलावा द्यायला त्यात कोलॅजनच पुरेसं नसतं. खाटकाकडे खांद्याचा तुकडा मागायला मी त्या दिवशी शिकले.

आणि मग तुम्ही ते सांगितलंत, ज्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. चार तासांनी काटा टोचून बघितलास आणि मांस कडक लागलं, तर ते जास्त शिजलं असं समजू नकोस. ते अजून शिजायचंय. मांस तापू लागलं की साठ-पासष्ट अंशांच्या आसपास त्याचे तंतू आखडतात, पाणी बाहेर टाकतात आणि तुकडा आधीपेक्षा घट्ट होतो. कोलॅजन विरघळायला वेळ लागतो, ते मागून येतं. या दोन्हींच्या मधला जो काळ आहे त्यात बहुतेक लोक घाबरतात आणि कुकर बंद करतात. "घड्याळ बघू नकोस, काटा बघ. काटा फिरवल्यावर तुकडा आपणहून उलगडला पाहिजे." 'लो'वर आठ ते दहा तास, 'हाय'वर साधारण पाच ते सहा, हे तुम्ही सांगितलंत, पण अंदाज म्हणूनच. मला हेही ठाऊक नव्हतं की बहुतेक कुकर दोन्ही खुणांवर शेवटी उकळीच्या जरा खालच्या तापमानालाच जाऊन पोचतात; तिथे किती वेळात पोचायचं एवढाच फरक. खांद्याच्या मांसाला सावकाश चढणारी आच मानवते, म्हणून माझी खूण 'लो'चीच.

मांस आधी परतून घ्यायचंच, यावर तुम्ही हटून बसलात तेही बरं झालं. मला ते जादा भांडं घासणं नको होतं. तुम्ही कारण दिलंत: ज्या स्लो कुकरात पाणी आहे त्यात तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला तो खमंग तांबूस रंग आणि वास यायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या घरात लागतो. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली, तिला त्याचंच नाव आहे. म्हणजे हे काम तव्यावरच होणार, कुकर कितीही तास लावला तरी त्याच्याकडून नाही. तुकडे साधारण ४ सेंटिमीटरचे, कागदाने टिपून अगदी कोरडे केलेले, आणि एका वेळी थोडेच. गर्दी केली की त्यांना पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी वाफवले जातात. परतल्याने आतला रस कोंडला जातो हा जुना समज खरा नाही, हेही तुम्ही तिथेच स्पष्ट केलंत. परतायचं ते चवीसाठी. आणि त्या चवीतली अर्धी तर तव्याच्या बुडाला चिकटलेली असते. कपभर स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) ओतून, लाकडी उलथन्याने खरवडून ती सगळी कुकरात गेली पाहिजे.

तुमचं प्रमाण इथे लिहून ठेवते, कारण मला ते विचारणारे बरेच आहेत. ४ लिटरच्या भांड्याला खांद्याचं मांस १ किलो, बटाटे अर्धा किलो, तीन मोठी गाजरं, दोन कांदे, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, सेलरीचा एखादा दांडा, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, तमालपत्र, थाइमच्या दोन काड्या, मिरी, मीठ आणि स्टॉक फक्त दोन कप. हे दोन कप बघून माझा विश्वासच बसेना. पण झाकणाखालची वाफ परत भांड्यातच पडते, शिवाय मांस आणि भाज्या आपलं पाणी सोडतात. गॅसवरच्या पातेल्याच्या हिशोबाने पाणी घातलं तर स्ट्यूचं सूप होतं. भांडं अर्ध्याहून कमी नको आणि दोन-तृतीयांशाहून जास्त नको.

बटाटा आणि गाजर तळाशी, कडेला लागून, मांस वर. इथेही माझा समज उलटा होता. भाजी कोवळी, तिला कमी आच पुरे, असंच आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कंदमुळं या मंद आचेवर मांसाइतकीच सावकाश शिजतात, आणि टोमॅटो जास्त पडला तर आंबटपणामुळे आणखी उशिरा, म्हणून पेस्ट दोनच चमचे. मटार, कोथिंबीर वगैरे हिरवं जे काही असेल ते शेवटच्या वीस मिनिटांत. रस्सा घट्ट करायचा तर कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून शेवटीच घालायचं आणि 'हाय'वर पंधरा-वीस मिनिटं द्यायची.

झाकण उघडायचं नाही! हे तुम्ही इतक्यांदा म्हणालात की आई आता कुकरजवळून जाताना मुद्दाम हात मागे बांधते. एकदा उघडलं की निघून गेलेली उष्णता भरून यायला वीस ते तीस मिनिटं जातात.

पण मला सगळ्यात जास्त आधार वाटला तो तुम्ही सुरक्षिततेबद्दल दिलेल्या सूचनांचा, कारण मी घरी नसताना हे यंत्र चालू राहणार होतं आणि खाणारी माझी वयस्कर आई होती. गोठलेलं मांस थेट कुकरात कधीच टाकायचं नाही, आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्यायचं. नाहीतर ४ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात ते फार वेळ रेंगाळतं, आणि जंतू वाढतात ते याच पट्ट्यात. आपण बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली ते कळायला मार्ग नसेल, तर अन्न कितीही छान दिसलं तरी टाकून द्यायचं. उरलेला स्ट्यू त्याच जड भांड्यात निवत ठेवायचा नाही, उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गरम करायचा तो गॅसवर, कुकरात नाही. आणि मी राजमा घालू का असं विचारलं तेव्हा तुमचा आवाज एकदम बदलला. कच्च्या लाल राजम्यात जे विषारी द्रव्य असतं ते स्लो कुकरच्या आचेने खात्रीने नष्ट होत नाही. राजमा पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, वेगळ्या पातेल्यात चांगला अर्धा तास खळखळ उकळून मगच कुकरात. हे मला दुसऱ्या कुणीही सांगितलं नव्हतं. तेवढ्यासाठी एक वेगळं पत्र लिहायला हवं होतं.

जाता जाता तुम्ही स्लो कुकर शोधणाऱ्या अर्व्हिंग नॅक्सनची गोष्ट सांगितलीत. त्याची आई लिथुआनियात वाढलेली. तिथे शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी भांडी बेकरीत नेऊन ठेवायची आणि विझत्या भट्टीच्या उरल्यासुरल्या उष्णतेवर मांस, कडधान्य रात्रभर शिजायचं. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून त्याने विजेवरचं भांडं बनवलं, १९४० मध्ये पेटंट मिळवलं. पुढे त्याची कंपनी रायव्हल नावाच्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि १९७१ मध्ये तेच भांडं 'क्रॉक-पॉट' या नावाने घराघरांत गेलं. कामावर जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं, हे सांगताना तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मला तेव्हा फार बरं वाटलं, काका. घरी नसतानाही घरच्यांसाठी रांधता येतं, यात कुणाला काही कमीपणा वाटत नव्हता.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगते. आदल्या रात्री चिरणं उरकते, परतणं नाही. मांस अर्धवट परतून रात्रभर ठेवू नकोस असं तुम्ही बजावल्यावर मी तेवढा भाग पहाटेवर ढकलला. रात्री फक्त भाज्या चिरून ठेवते. पहाटे तवा, मग कुकर, मग मी बाहेर. संध्याकाळी आई चमच्याच्या पाठीने तुकडा दाबते, तो उलगडतो, आणि ती रश्श्यात ब्रेड बुडवून पोटभर जेवते. डॉक्टरांनी प्रथिनं वाढवा म्हटलं होतं तेव्हा मला कळत नव्हतं कशी वाढवू. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला स्ट्यू थरथरता, जेलीसारखा जमलेला असतो, तो बघून आईच मला सांगते, "आज जमलाय." वरची चरबी सहज निघते, आणि चव आदल्या दिवसापेक्षा मुरलेली.

तुमचा कुकर धुऊन, पुसून परत आणते आहे; आम्ही आमचा घेतला. त्याचं चिनी मातीचं भांडं गरम असताना थंड पाण्याखाली एकदाही धरलेलं नाही, शब्द दिला होता तसा. एक मात्र राहिलंय. तुम्ही कॉर्नफ्लोअर न घालता त्यातलाच बटाटा कुस्करून रस्सा दाट करता म्हणे, ते आईला बघायचंय. तिने तुम्हा दोघांना रविवारी जेवायला बोलावलं आहे. काकूंना कांदा चालत नाही, ते माझ्या लक्षात आहे. त्यांच्यासाठी वेगळं भांडं लावेन.

तुमची,
खालच्या मजल्यावरची