वळिवड्याची भावंडं मराठी पुस्तकात कधी येणार?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

माझ्या सहावीतल्या मुलीने लायब्ररीतून एक इंग्रजी कादंबरी आणली, १९३९ सालची गोष्ट, लंडनवर बॉम्ब पडणार म्हणून आईबाप नसलेल्या भावंडांना कोटाला नावाचं लेबल लावून, गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा खोका देऊन ट्रेनने खेड्यात पाठवतात. दोन दिवसांत संपवली आणि रात्री विचारते, मम्मी, लेबल पडलं तर त्यांना कोण ओळखणार? मला उत्तरच सुचेना.

मग म्हणाली, आपल्याकडे अशी मुलं आली होती का? आली होती की, आणि कुठे लांब नाही, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला! आज आपण कापड घ्यायला ज्या गांधीनगरला जातो तिथेच १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, जवळपास ५००० माणसं, बहुतेक बायका-मुलं. १९४० मध्ये स्टालिनच्या सैनिकांनी त्यांना घरातून उचलून मालगाडीत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानला नेलं, तिथे उपासमारीने, टायफसने कितीतरी मुलांचे आईबाप गेले, आणि काही आयांनी तर पोरं तरी जगावीत म्हणून स्वतःच त्यांना अनाथाश्रमात सोडलं, कारण अनाथाश्रमातल्या मुलांना तिथून सोडवून देशाबाहेर नेत होते. धाकट्याचा हात धरून दारात उभी असलेली दहा वर्षांची ताई डोळ्यासमोर आणा. कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, मग कराची, मग आपली पंचगंगा.

गुजरातेतल्या जामनगरच्या महाराजांनी, जामसाहेबांनी, तिथल्या बालाचडीच्या कॅम्पात पोलिश मुलं सांभाळली ते आता बऱ्याच जणांना माहिती आहे, पण तो कॅम्प १९४६ मध्ये बंद झाल्यावर उरलेली मुलं वळिवड्यालाच आली हे कोल्हापुरातसुद्धा कोणी सांगत नाही. आणि महाराजांच्या मोठेपणाची गोष्ट नकोय मला, त्या ताईची हवीय. तिला युद्ध संपल्यावरही घरी जाता आलं नाही कारण तिचं गावच रशियाकडे गेलं होतं. ती गेली आणि तिच्या बराकीत फाळणीत घर सुटलेलं सिंधी कुटुंब राहायला आलं. एका जागेत दोन पोरकेपण, अजून काय पाहिजे लेखकाला?

एका प्रकाशकांशी बोलले तर म्हणाले मुलांना एवढं दुःखाचं नको. अहो, माझ्या मुलीने ते इंग्रजीत वाचलंच ना!

रविवारी तिला महावीर गार्डनमधला पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ दाखवला. बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, यातल्या एका तरी ताईचं पुस्तक आहे का मराठीत?

एक आई, कोल्हापूर