माळावर खड्डे नकोत, गवत राखा

संपादक महाशय,

पाऊस तोंडावर आला की कागल, हातकणंगले, शिरोळकडच्या माळांवर वृक्षारोपणाचे खड्डे पडू लागतात. हेतू चांगला, पण जागा चुकते. वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या माळावर पाण्याविना रोप उन्हाळ्यात वाळते आणि खड्ड्यापायी उपटलेला डोंगरी किंवा पवन्या गवताचा जुना ठोंब (मुळांसकटचा झुपका) हकनाक जातो. मे महिन्यात हा ठोंब वरून वाळून कोळ झालेला दिसतो, म्हणून माळ 'पडीक' ठरतो. मुळाशी तो जिवंत असतो, वळवाच्या सरीबरोबर फुटतो.

जिथे असे ठोंब शिल्लक आहेत तिथे काहीही लावू नये. पावसाळाभर चराई बंद ठेवावी, वणवा लागू देऊ नये. पेरणी-लागवड फक्त उघड्या पडलेल्या जागी करावी. पाणी न थांबणाऱ्या मुरमाडीत अंजन किंवा डोंगरी गवत, मध्यम काळ्या जमिनीत आणि बांधावर मारवेल गवत. अंजनाला साचलेले पाणी सोसत नाही; गगनबावड्याच्या पावसात ते लावूच नये.

सर्वांत जास्त फसगत बियाण्यात होते. अंजनाचे केसाळ बोंड भरलेले दिसते, पण आत दाणा असेलच असे नाही. चिमूटभर बी तळहातावर चोळून फुंकर मारावी. भुसा उडाल्यावर दाणे उरले नाहीत तर ते बी फोल. ताजे बीही नीट उगवत नाही, ते सहा-आठ महिने सुप्त असते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा केलेले बी पुढच्या जूनला वापरावे. एकरी दोन किलो पुरते. बोंडे एकमेकांत अडकतात, हातातून सुटत नाहीत. ओलसर बारीक मातीत कालवून फोकावीत. वर बाभळीची फांदी ओढली की झाले. बोटाच्या पेराएवढे खोल गेले तरी कोंब वर येत नाही, आणि बी खराब निघाले असा समज होतो.

मारवेल ठोंबांनीच लावावे : दोन ओळींत ६० सेंमी, दोन ठोंबांत ३० सेंमी, म्हणजे एकरी सुमारे २२ हजार ठोंब. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'फुले मारवेल ०६-४०' हे वाण वैरणीसाठी उत्तम. माळ पुन्हा गवताने भरायचा असेल तर मात्र शेजारच्या माळावरचेच ठोंब आणि बी घ्यावे.

पहिला महिना गाजरगवत उपटत राहावे, नाहीतर दोऱ्यासारखी रोपे त्याखाली गुदमरतात. पहिल्या वर्षी जनावर अजिबात सोडू नये. कोवळा ठोंब मुळासकट उपटून येतो. दुसऱ्या वर्षापासून फुलोऱ्यात, जमिनीपासून १० सेंमी सड ठेवून कापावे आणि एक पट्टा बियाण्यासाठी राखावा. कुसळी गवत असेल तर ते कुसळ धरण्याआधीच कापावे. एकदा कुसळे पिकली की ती मेंढरांच्या तोंडात, कातडीत रुततात.

यंदा खड्ड्यांची आखणी करण्याआधी ग्रामपंचायतींनी गावातल्या मेंढपाळांना माळावर बरोबर न्यावे. कोणते गवत कुठे आहे हे ते पायाखालचा ठोंब बघून सांगतात. तेवढी जागा आराखड्यातून वगळावी, आणि रोपांच्या खर्चातला काही भाग बी गोळा करण्याच्या मजुरीला द्यावा.

— माळरानाचा एक अभ्यासक, कोल्हापूर