अष्टमी धरून ये

ओबान, स्कॉटलंड
२ मार्च

प्रिय मित्रा,

मे महिन्यात येतोयस आणि कयाक घेऊन बेटांवर मुक्काम करायचाय, हे वाचून फार आनंद झाला. पण विमानाचं तिकीट काढायच्या आधी कालनिर्णय उघड. आपल्या सहलीच्या तारखा सुट्टीवरून नाही, तिथीवरून ठरायला हव्यात.

मालवणात तुम्ही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढता: अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. ओबानच्या किनाऱ्यावर हाच हिशोब साधारण सहा तासांनी सरकतो. इथे पौर्णिमेची पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळ सहा-सातला येते आणि अष्टमीची दुपारी बारा-एकला. उन्हाळ्यात इथलं घड्याळ एक तास पुढे असतं, ते धरूनच सांगतोय. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी सव्वातीन मीटर चढतं-उतरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारच्या छोट्या भरतीला, जेमतेम एक मीटर. तेवढ्याच वेळात तिसरा हिस्सा पाणी हलायचं असेल तर प्रवाहाचा जोरही त्याच प्रमाणात उतरतो. म्हणून अष्टमी ते दशमी हे तीन दिवस मिळतील असा ये. शुक्ल की वद्य, त्याने काही फरक पडत नाही.

वाट अशी डोळ्यांसमोर आहे. क्यूअनची फेरीबोट गाडीसकट आपल्याला लुइंग बेटावर सोडेल. तिथल्या कलिपूल गावातून पाण्यात उतरायचं, पश्चिमेला अडीच किलोमीटरवर बेल्नाहुआ. हे पूर्वी पाटीच्या दगडाच्या खाणीचं बेट होतं. आता कामगारांच्या छप्पर गेलेल्या घरांच्या रांगा आणि पाण्याने भरलेली खाण एवढंच उरलंय. तिथून पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यातून गार्व्हेलाख बेटांवर. त्यांतलं दक्षिणेचं इलाख-अन-नीव म्हणजे जुना ख्रिस्ती मठ. दगडावर दगड रचून, चुन्याशिवाय उभारलेल्या घुमटाकार कोठड्या आहेत तिथे. बघायच्या, पण त्यांच्या आत किंवा भिंतीला लागून तंबू टाकायचा नाही. एकूण अंतर अकरा-बारा किलोमीटर. आकडा ऐकून हसू नकोस. यातले पहिले अडीचच अवघड आहेत.

कलिपूल आणि बेल्नाहुआच्या मधली सामुद्रधुनी भरतीला उत्तरेकडे वाहते, ओहोटीला दक्षिणेकडे, आणि उधाणाला सहा-सात नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पळते. सामान भरलेली कयाक दिवसभर टिकेल असा वेग तीन नॉट. म्हणजे हे अंतर कापायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, आणि प्रवाह तीन नॉटचा असला तरी तेवढ्यात तू दोन किलोमीटरपेक्षा जास्त बाजूला गेलेला असतोस. उधाणात तर बेट चुकतंच. इथला प्रवाह भरती पूर्ण होताना फिरत नाही हे नीट लक्षात घे. ओबानच्या भरतीच्या सुमारे दोन तास आधीच तो दक्षिणेकडे वळतो. भांगाला भरती बारा-एकला, तर थबकलेलं पाणी मिळतं दहा-अकराच्या दरम्यान, आणि त्याच्या थोडं आधी, उत्तरेचा जोर संपत आलेला असताना निघायचं. लवकर निघून उत्तरेला सरकलो तर मोकळं पाणी आहे. उशीर झाला तर प्रवाह दक्षिणेच्या स्कार्बा बेटाच्या बाजूला ओढतो, तिकडे जायचं नाही. मुक्कामाच्या दिवशी नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून पुन्हा काढू.

आडव्या प्रवाहात नाक बेटावर रोखून वल्हवलं की वाट धनुष्यासारखी वाकते आणि शेवटी प्रवाहाच्या तोंडावर चढत यावं लागतं. नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळवून ठेवायचं आणि समोरच्या दोन खुणा धरायच्या: जवळचा खडक आणि त्यामागचं एखादं पडकं घर. दोन्ही एका रेषेत राहिल्या तर आपण सरळ चाललोय. मागचं घर खडकाच्या उजवीकडे सरकलं तर आपणही उजवीकडे वाहतोय, नाक डावीकडे वळव. तुमचे रापणकर, होडीवाले खुणा धरतात तसंच.

दक्षिणेला जुरा आणि स्कार्बा या बेटांच्या मध्ये कॉरीव्रेकनची सामुद्रधुनी आहे. भरतीला आठ नॉटहून जास्त वेगाने पाणी पश्चिमेकडे बाहेर फेकलं जातं, तळाच्या सुळक्यावर आदळून भोवरे होतात, आणि पश्चिमेची लाट समोरून आली की खूप लांबपर्यंत उभ्या लाटा फुटतात. १९४७ च्या ऑगस्टमध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेल इथे बुडता बुडता वाचला. आपण इलाख-अन-नीवच्या दक्षिण टोकाच्या खाली एक वल्हंही मारणार नाही.

वारा हा दुसरा मालक. वाऱ्याची दिशा आणि प्रवाहाची दिशा एकमेकांसमोर आली की तोच वारा दुप्पट त्रास देतो, कारण लाटा आखूड आणि उभ्या होतात. वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापात तीनपर्यंत, म्हणजे दहा नॉटपर्यंत निघू. चारचा अंदाज असेल तर किनाऱ्याच्या आडोशाने एखादी छोटी फेरी मारू, गार्व्हेलाख नाही. म्हणून तीन दिवसांच्या सहलीला पाच दिवस हाताशी ठेव. परतीच्या विमानासाठी कोणी चुकीच्या वाऱ्यात बेट सोडू नये.

आता थंडीबद्दल. मालवणच्या पाण्यात उलटलास तर हसत वर येतोस. मे महिन्यात इथलं पाणी नऊ-दहा अंश असतं. अंगावर पुरेसे कपडे नसतील तर पहिलं मिनिट श्वासावर ताबाच राहत नाही, पुढच्या दहा मिनिटांत बोटं निकामी होतात, आणि साधारण तासाभरात शुद्ध जाते. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा अंगभर सूट, आत मेरिनो लोकरीचे दोन थर, वर पन्नास न्यूटनचं तरंगजाकीट. कपडे पाण्याच्या तापमानाप्रमाणे घालायचे, उन्हाप्रमाणे नाही. किनाऱ्यावर घाम आला तरी चालेल.

यायच्या आधी तुझ्याकडे एवढी तयारी कर. कमरेला घट्ट बसणारा स्प्रेडेक, म्हणजे बसायच्या जागेचं तोंड झाकणारं आवरण, कॉकपिटच्या काठावर आधी मागून अडकव, मग पुढून, शेवटी बाजू. आणि पुढचा ओढायचा फास बाहेर राहिलाय ना, हे दर वेळी हाताने चाचपून बघ. तो आत दबला तर उलटल्यावर सुटायला पकडायला काही नसतं. मग मुद्दाम उलट, पुढे वाक, फास पुढे आणि वर ओढ, मांड्या सैल सोड, बाहेर ये, आणि कयाक सोडू नकोस. हे न घाबरता जमेपर्यंत कर. दुसऱ्याच्या मदतीने परत चढायचं इथे करून घेऊ: मी तुझ्या कयाकचं नाक माझ्या डेकवर ओढून पाणी काढतो, सरळ करून घट्ट धरतो, तू मागच्या डेकवर पोटावर चढून पाय आत सरकवतोस.

कयाक पाच मीटर वीस सेंटिमीटरची, रुंदी पंचावन्न सेंटिमीटर, पुढे-मागे बंद कप्पे. पुढच्या कप्प्याचं गोल तोंड जेमतेम वीत-सव्वा वीत असतं, म्हणून मोठी जलरोधक पिशवी आणू नकोस. आठ-दहा लिटरच्या लांबट पिशव्या हव्यात. स्लीपिंग बॅग दोन पिशव्यांत. तंबूच्या काठ्या सुट्या काढून टोकापर्यंत सरकवायच्या. पाणी माणशी दिवसाला चार लिटर धर, बेटांवर भरवशाचं पाणी नाही. ते सगळं पाणी पाठीमागे, सीटला लागून, तळाशी. टोकांना जड सामान गेलं की कयाक लाटेवर उठत नाही. पुढचा भाग जड झाला तर शेपूट वाऱ्याने ढकलली जाते आणि नाक वाऱ्यात शिरतं. मागचा जड झाला तर नाक वाऱ्याबरोबर पळतं.

ते आवरायला शेपटीखाली स्केग असतो, तारेने खाली-वर होणारं पातं. गोट्यांच्या किनाऱ्यावरून कयाक ढकलताना वाटाण्याएवढा खडा त्याच्या खाचेत जाऊन बसतो. मग पातं खाली येत नाही, आणि ते जोराने ढकललं की तार वाकते आणि त्या सहलीपुरता स्केग गेला. पात्याच्या टोकाला भोक पाडून बोटभर दोरीचा फास बांधलेला असतो. पाण्यात शिरलो की एकमेकांच्या मागे जाऊन तो फास ओढायचा, खडा सुटतो. हे किनाऱ्याला लागूनच करायचं, प्रवाहात पोचल्यावर नाही.

भांगाची एक गैरसोय आहे: सकाळी आणि संध्याकाळी ओहोटी. म्हणजे उतरताना आणि निघताना दोन्ही वेळा शेवाळलेले दगड. फरक एक मीटरचाच असल्याने चाल छोटी असते, पण भरलेली कयाक साठ किलोच्या वर जाते. टोकाच्या मुठींना धरून ती उचलायची नाही. मुठी तुटतात, कंबरही जाते. आधी सामान काढायचं, मोठ्या पिशव्यांतून वर न्यायचं, मग रिकामी कयाक दोघांनी.

तंबूची जागा निवडताना आजची ओली रेषा बघू नकोस. भांगानंतर रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा वर येत जाते. वाळलेल्या, काळ्या पडलेल्या समुद्री शेवाळाची जुनी रेषा शोधायची, तिच्याही वर झोपायचं आणि कयाक तिथेच दगडाला बांधायच्या. खुंटी गोट्यांत धरत नाही; दोरी मोठ्या दगडाला बांध, वाळू असेल तर पिशवीत वाळू भरून ती पुर. वाऱ्याची झुळूक लागेल अशी उघडी जागा मे अखेरीला मुद्दाम घ्यावी, नाहीतर मिज नावाच्या चिलटांचे थवे जेवू देत नाहीत. बेल्नाहुआच्या पडक्या भिंतींच्या आडोशाला मात्र झोपायचं नाही, दगड सैल आहेत.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने अशा मुक्कामाचा हक्क दिलाय: थोडी माणसं, हलके तंबू, एका जागी दोन-तीन रात्रीच, आणि मागे खूण नाही. मे म्हणजे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ. ऑयस्टरकॅचरची अंडी गोट्यांत गोट्यांसारखीच दिसतात. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला की आपण चुकीच्या जागी आहोत, निमूट आल्या पावली मागे फिरायचं. आई उठून गेली की अंडी थंड पडतात, किंवा गल पक्षी ती पळवतो. सील खडकावर पडलेले दिसले तर लांबूनच. शेकोटी पेटवायची नाही, स्वयंपाक गॅसवर. शौचाचं सगळं पिशवीत भरून परत आणायचं. एवढ्याशा बेटावर माती वीतभरही खोल नाही.

भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी आण. गॅसचा डबा विमानात चालत नाही, इथे घेऊ. रेडिओ आणि संकटात इशारा पाठवणारा सॅटेलाइट बीकन माझ्याकडे आहेत, दोन्ही जाकिटावरच असतात, कारण कप्प्यात ठेवलेला रेडिओ उलटलेल्या माणसाच्या उपयोगाचा नाही. निघताना तटरक्षकांना वाट आणि परतीची वेळ कळवू, आणि परतल्यावर आठवणीने पोचल्याचंही.

तुझी उंची, वजन, बुटांचा नंबर आणि गळ्याचा, मनगटाचा घेर सेंटिमीटरमध्ये लगेच कळव. ड्रायसूटची लॅटेक्सची कड त्यावरून कापावी लागते. सैल राहिली तर पाणी शिरतं आणि एकदा जास्त कापली तर नवीच लावावी लागते. नखं कापून, अंगठी काढून ये, दोन्हींनी ती फाटते.

तुझाच मित्र