पांदणीवरचा मुरूम आणि लिनक्स

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आर्वी तालुक्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, जिनिंग, कृषी केंद्र, पतसंस्था सगळे माझेच गिऱ्हाईक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून रोज कोणीतरी सीपीयू काखेत घेऊन येते, ११ टाकून दे म्हणून. २०१७ च्या आधीच्या बहुतेक मशीनवर ते रीतसर बसतच नाही. मी म्हटलं लिनक्स टाकू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, तिचा कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) कोणालाही पाहता-बदलता येतो, तर जिनिंगचे शेठ म्हणाले, "फुकट देते म्हंतं, मंग त्याईले काय भेटते? काईतरी लोचा असंन." शेठचा प्रश्न बरोबर आहे बरं का. पेपरात यावर लिहून येतं तेव्हा समाजसेवा, ज्ञानाची गंगा असंच काहीतरी असतं, आणि धंदेवाल्या माणसाला ते पटत नाही.

समाजसेवा नाहीच आहे ती. आमच्या पांदणीवर वर्गणी करून मुरूम टाकला तेव्हा सगळ्यात जास्त पैसे चाळीस एकरवाल्यानं दिले, कारण परतीच्या पावसात त्याच्याच कापसाच्या गाड्या जास्त फसत होत्या. आता त्याच रस्त्यानं दोन एकरवालाही जातो, त्यानं याचं काय बिघडते, कापूस तर ज्याचा त्यालाच विकायचा आहे.

आयबीएमनं २००१ साली लिनक्सवर १ अब्ज डॉलर लावले ते याच हिशोबानं. ते सर्व्हर विकतात आणि चालवून द्यायचे पैसे घेतात, सिस्टीम दुसऱ्याच्या मालकीची असली की गिऱ्हाइकाच्या खिशातला एक वाटा तिकडे जातो, सिस्टीम फुकट झाली की तोच पैसा मशीन आणि सर्व्हिसकडे वळतो. २०१९ मध्ये त्यांनी लिनक्सची सर्व्हिस देणारी रेड हॅट कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली, जिचा कोड उघडा पडलेला! पैसे कशाचे, तर रात्री दोनला बँकेचा सर्व्हर बसला तर फोन उचलणारा जाणकार माणूस पाहिजे, त्याचे. गूगलनं २००५ मध्ये अँड्रॉइड घेतलं, ते लिनक्सवरच चालते, फोनवाल्यांना उघडं करून दिलं, आणि कमाई सर्च न जाहिरातीतून.

आणि एक गोष्ट जी लोकांना माहीत नसते. लिनक्सच्या गाभ्याची (कर्नल म्हणतात त्याला, मशीन चालवणारा मुख्य भाग) नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, आता एखाद्या कंपनीनं आपल्या चिपसाठी केलेली दुरुस्ती लपवून घरीच ठेवली तर प्रत्येक नव्या आवृत्तीला ती परत जुळवत बसा, पगारी माणसं त्यातच गुंतून पडतात. तीच मूळ कोडमध्ये देऊन टाकली की पुढं कोणी काही बदललं तर ती पण सोबतच सांभाळली जाते. म्हणून इंटेलसारखे चिपवाले आपली माणसं पगार देऊन तिथं बसवतात, गाभ्याचं बहुतेक काम आज अशीच पगारी माणसं करतात. २००१ मध्ये लिनक्सला कॅन्सर म्हणणारी मायक्रोसॉफ्ट २०१६ मध्ये लिनक्सचं काम पाहणाऱ्या लिनक्स फाउंडेशन या संस्थेची मेंबर झाली, कारण त्यांच्या क्लाउडवरच्या (इंटरनेटवरून भाड्यानं दिलेल्या सर्व्हरवरच्या) गिऱ्हाइकांना लिनक्सच पाहिजे होतं. धंद्यात कायचा आला राग.

आता आमच्या इकडची अडचण. टॅली विंडोजचं, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर विंडोजचं, माझ्याकडच्या थंबच्या मशीनचा ड्रायव्हरही विंडोजचाच. म्हणून नागपूर-अमरावतीकडं असे प्रोग्राम बनवणाऱ्यांना सांगणं आहे, लिनक्सवर चालणारं काढा, आणि ते तुमच्याच फायद्याचं आहे. शेठचं बजेट ठरलेलं असते, पाच मशीन नव्या घेण्यात आणि लायसनमध्ये ते संपलं की तुमच्या वर्षाच्या मेंटेनन्सचे पैसे देताना तो घासाघीस करतो, दरवर्षी पाहतो मी. तेच जुन्या मशीनवर काम भागलं तर तुम्हाला मागायला तोंड राहते.

शेठच्या एका मशीनवर मी लिनक्स टाकून दिलं, पत्रं टाइप करणं, मेल, बँकेचं ऑनलाइन काम सगळं होते त्यावर. वजनकाट्याच्या पावत्या तेवढ्या अजून बाजूच्या जुन्या विंडोजवरून निघतात, काट्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणे, अजून कोणी मागितलंच नाही. आता मी मागतोय, छापून येऊ द्या.

आपला एक वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा