औषधाच्या नावाआधी मुळांकडे बघू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकाने माना टाकल्या की कोणते बुरशीनाशक वापरावे, हे आपल्या शेतीच्या पानावर नेहमी वाचायला मिळते. औषधांबद्दल माझी तक्रार नाही. पण मर आणि मूळकूज हे जमिनीतून येणारे रोग आहेत. पाने पिवळी पडेपर्यंत बुरशी मुळातून आत शिरून बरीच पुढे गेलेली असते. खाली नेमके काय घडते तेही छापले जावे, अशी मनापासून इच्छा आहे.

मर रोगाची फ्युजॅरियम बुरशी शेतात पीक नसतानाही जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षे जमिनीत पडून राहते. वाढत्या मुळांतून शर्करा आणि अमिनो आम्ले पाझरली की हे बीजाणू रुजतात. त्यांचे तंतू मुळाच्या टोकातून, उपमूळ फुटताना पडलेल्या फटीतून किंवा सूत्रकृमींनी केलेल्या जखमेतून आत घुसतात आणि जलवाहिन्या गाठतात. तिथून पाण्याच्या प्रवाहाबरोबर नवे बीजाणू वर चढतात.

झाडही स्वस्थ बसत नाही. बुरशीच्या भिंतीत कायटिन असते. त्याचे तुकडे मुळाच्या पेशींवरची ग्राहक प्रथिने ओळखतात आणि काही मिनिटांतच प्रतिकार सुरू होतो. तंतू जिथे घुसू पाहतो तिथे आतून कॅलोज या चिवट पदार्थाचा थर चढतो, पेशीभित्तिका लिग्निनने कडक होतात, कायटिन तोडणारी विकरे आणि बुरशीला मारक रसायने तयार होतात. जलवाहिन्यांत तर शेजारच्या पेशी आत फुगून नळीच बंद करतात. हे वेळेत झाले तर बुरशी खालीच कोंडली जाते. उशीर झाला तर मात्र बुरशीची वाढ आणि झाडाने स्वतःच घातलेले बांध मिळून पाण्याची वाट अडवतात, आणि जमिनीत ओल असूनही झाड सुकते. हे ठाऊक नसेल तर आपण पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी देतो. मर तर हटत नाहीच, वर मूळकुजीला आयती ओल मिळते!

म्हणून आळवणीआधी, म्हणजे मुळाशी औषधाचे पाणी ओतण्याआधी, एक झाड उपटून खोड उभे चिरावे. आत तपकिरी रेघा दिसल्या तर रोग जलवाहिन्यांत आहे. खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्यात टांगून धरावा. कापल्या जागेतून दुधाळ धार सुटली तर तो जिवाणूंचा मर, तिथे बुरशीनाशक वाया जाते. बुंध्याशी पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी गोळे दिसले तर बुंधा कुजवणारी स्क्लेरोशियम बुरशी समजावी. ती शेकडो वनस्पतींवर जगते, त्यामुळे फेरपालटीचे पीक विचार करूनच निवडावे लागते. मुळांची साल ओढताच सुटून आली तर मूळकूज करणाऱ्या पिथियमचा संशय घ्यावा. पिथियम बुरशीसारखा दिसला तरी खरी बुरशी नव्हे, आणि त्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चालत नाही. एवढ्यावरून शंका फिटली नाही तर प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

प्रतिकारक वाणांबद्दलही नुसते ‘प्रतिकारक’ म्हणून भागत नाही. टोमॅटोत मर रोगाविरुद्धची जनुके आणली गेली, पण त्यांना चकवणारे बुरशीचे नवे उपप्रकार पुढे आलेच. वाण कोणत्या उपप्रकाराला दाद देत नाही, ते नावापुढे छापायला हवे.

एक विनंती आहे. यापुढे अशा रोगांवर लेख छापताना चिरलेल्या खोडाचे आणि धुतलेल्या मुळांचे छायाचित्र सोबत द्यावे, शेजारी निरोगी झाडाचेही. सुकलेल्या पानांच्या छायाचित्रावरून हे रोग वेगळे ओळखता येत नाहीत.

आपला,
एक शेतकरी वाचक